बुटीबोरीची नोकरी सोडून मुंबईला कन्सल्टिंगमध्ये जाऊ का?

मानेवाड्याची_मेकॅनिकल:
व्हीएनआयटीतून मेकॅनिकल केलं, तीन वर्षांपासून बुटीबोरीच्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. सकाळी साडेसातची बस, संध्याकाळी मानेवाड्याला घरी. आता मुंबईच्या एका कन्सल्टिंग फर्मची (दुसऱ्या कंपन्यांना सल्ला देणारी) ऑफर आली, पगार जवळपास दुप्पट. बाबा म्हणतात जा. आई काहीच बोलत नाही, पण रोज काहीतरी वेगळं करून खाऊ घालून राहिली. आठवडाभरात उत्तर द्यायचं आहे. ज्यांनी हे काम केलं त्यांनी सांगा ना, पैसे सोडून काय मिळतं आणि काय जातं?

दुरांतोवाला:
ताई, मी पाच वर्षं केलं, ऑपरेशन्समध्येच. पहिल्याच प्रोजेक्टला चंद्रपूरकडच्या एका सिमेंट प्लान्टला पाठवलं, ट्रक आत गेला की लवकर बाहेर येत नाही अशी तक्रार होती. सगळे म्हणत होते वजनकाटा कमी पडतो, दुसरा बसवा. मी तीन दिवस गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर रजिस्टर घेऊन बसलो, एकेका ट्रकची वेळ लिहिली, ड्रायव्हर लोकांसोबत चहा प्यायलो, तेव्हा समजलं की काट्यावर पाच मिनिटंही जात नाहीत, ट्रक अडकतो लोडिंगच्या चिठ्ठीसाठी, सही करणारा माणूस एकच आणि तो जेवायला गेला की रांग लागलीच. दुसऱ्या काट्याचा खर्च वाचला. चोवीस वर्षांच्या पोराचं प्लान्ट हेड शांतपणे ऐकून घेतो, हे मला दुसऱ्या कुठल्या नोकरीत इतक्या लवकर मिळालं नसतं.

पण वेळ आपला राहत नाही. रात्री पावणेबाराला मॅनेजरचा फोन, चौदाव्या स्लाइडचा आकडा पंधराव्याशी जुळत नाही, सकाळी फर्मचे पार्टनर बघणार आहेत. बहिणीच्या साखरपुड्यासाठी दुरांतोचं कन्फर्म तिकीट होतं, रात्री बसलो की सकाळी नागपूर. त्याच दुपारी क्लायंटची मीटिंग दुसऱ्या दिवशीवर गेली आणि मी तिकीट कॅन्सल केलं. ते अजूनही मनाला लागते.

हिशोबवाली_काकू:
बेटा, मी अशाच एका फर्मच्या फायनान्समध्ये होते. दुप्पट म्हणजे सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) दुप्पट का हातात दुप्पट, ते पहिले बघ, त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीप्रमाणे कमीजास्त होणारा भाग, किती आहे ते लेखी माग. फर्म क्लायंटला तुमच्या दिवसांचं बिल लावते, म्हणून प्रोजेक्ट नसला की माणूस बेंचवर, म्हणजे कामाविना बसून, आणि बेंच लांबला की रेटिंग घसरते. बऱ्याच ठिकाणी ठरावीक वर्षांत प्रमोशन नाही झालं तर दुसरीकडे बघा असं सांगतात. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असेल तर तेही आत्ताच वाच. मुंबईचं भाडं आणि डिपॉझिट वेगळंच.

मिहानकर:
मी १४ महिन्यांत सोडलं, कामाच्या तासांमुळे नाही. आपण रिपोर्ट देतो आणि निघतो, तो अमलात आला का हे बघायला थांबता येत नाही. एका प्लान्टसाठी चार महिने घासून शिफ्टचं नवीन वेळापत्रक बनवलं होतं, वर्षभरानी तिथल्या सुपरवायझरशी बोलणं झालं तर जुनंच चालू होतं. मला वाईट याचं वाटलं की तो बिचारा माझ्यासोबत रोज रात्रपाळीपर्यंत थांबायचा. तुला स्वतः लाइन चालवायला आवडत असेल तर नीट विचार कर बाप्पा. पण एक कबूल करतो, आज नागपूरच्या मिहान औद्योगिक भागात जे काम करून राहिलो ते त्या १४ महिन्यांशिवाय मिळालं नसतं.

मानेवाड्याची_मेकॅनिकल:
काकू, ऑफर लेटर काढून पाहिलं, पगारातला चौथा हिस्सा व्हेरिएबल निघाला, हे मी वाचलंच नव्हतं. दादा, तुमची काट्याची गोष्ट बाबांना वाचून दाखवली, आईपण ऐकत होती, साखरपुड्याचं ऐकून उठून आत गेली. आज एचआरला दोन प्रश्न पाठवले, टीम कोणती आणि अंमलबजावणीपर्यंत थांबणारे प्रोजेक्ट असतात का. तशी टीम मिळाली तर दोन वर्षांसाठी जाते. उत्तर आलं की इथेच लिहिते.