घरातली मारहाण फॅमिली डॉक्टरनी फाईलमध्ये लिहावी का?

सायली_एम:
माझ्या बहिणीच्या फाईलमध्ये ४ वर्षांत ३ वेळा एकच ओळ आहे, "घरात पडून मार". दुसऱ्या वेळी तर तिने सांगितलं होतं की नवऱ्याने हात पिरगळला, डॉक्टरांनी ऐकलं, गोळ्या दिल्या आणि लिहिलं परत पडून मार. आता कोर्टात समोरचा वकील तीच ओळ वाचून दाखवतो. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहायला हवं, कोणी केलं त्यासकट.

रानवारा:
वाचून वाईट वाटलं, पण मला पटत नाही. फॅमिली डॉक्टर म्हणजे नवराही त्याच्याकडेच, सासूही त्याच्याकडेच. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याने प्रिस्क्रिप्शनच्या कोपऱ्यात "घरी त्रास" एवढंच वाचलं आणि तिचं दवाखान्यात जाणंच बंद केलं. पुरावा मागाहून, आधी बाई जिवंत राहू दे.

डॉ_मुक्ता:
मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टरच आहे. हातात द्यायच्या कागदावर हे कधीच लिहायचं नाही, आणि पेशंटच्या अ‍ॅपवर जे दिसतं त्यातूनही वगळायचं. पण माझ्या नोंदीत सगळं हवं. "डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला ४ गोल वळ, प्रत्येकी साधारण १ सेंमी, पेशंट सांगते नवऱ्याने धरून ओढलं." सांगते असंच लिहायचं, "आरोप करते" लिहिलं की तिथेच तिच्यावर संशय घेतल्यासारखं होतं. वळाच्या रंगावरून मार किती दिवसांचा तेही ठोकून द्यायचं नाही, तो अंदाज चुकतो आणि कोर्टात तिच्यावरच उलटतो.

रानवारा:
आणि रिसेप्शनवरची मुलगी? फाईल तीच काढते, सासूच्या ओळखीतली निघाली म्हणजे? शिवाय ती बाईच लिहू नका म्हणाली तर?

डॉ_मुक्ता:
म्हणून कॉम्प्युटरवर ती नोंद कोण उघडू शकतं हे ठरवून ठेवावं लागतं, बऱ्याच ठिकाणी ते होत नाही हे मान्य. ती नको म्हणाली तर नाव लिहिणार नाही, जखम दिसली तशी लिहीन. पण "पडून" असं खोटं कारण माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. आणि विचारायचं ते एकटीला, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांमध्येही खासगीत विचारा असंच आहे.

सायली_एम:
एकटीला कुठे, तिन्ही वेळा नवरा शेजारच्या खुर्चीत होता. दुसऱ्या वेळी तो गाडी लावायला गेला तेवढ्यात तिने पटकन सांगितलं. तो आत आला आणि डॉक्टर बीपी मोजायला लागले.