बिटरची सवय असलेल्या जिभेला स्ट्राँग एलमधला फरक कसा कळेल?

पाइंटवाला
नेहमीची बिअर म्हणजे ४ टक्के अल्कोहोलची इंग्लिश बिटर, कडवटसर हलकी एल. आता स्ट्राँग एल, म्हणजे उबदार तापमानात आंबवलेल्या जास्त अल्कोहोलच्या बिअर, यांतल्या ड्युवेल (८.५), वेस्टमाल ट्रिपेल (९.५), फुलर्स गोल्डन प्राइड (८.५) आणि शिमे ब्ल्यू (९) शेजारी ठेवून चव ताडून पाहायची आहे. पण दोन घोटांनंतर सगळ्याच गोड आणि घशाला गरम लागतात. माप आणि क्रम काय ठेवावा?

माल्टघर
आधी माप. एका बाटलीत चौघं, प्रत्येकी ८० मिली. चारही मिळून साधारण २८ मिली शुद्ध अल्कोहोल पोटात जातं, म्हणजे तुमच्या बिटरचा सव्वा ब्रिटिश पाइंट (एक पाइंट ५६८ मिली). शिमेची ३३० मिलीची एक अख्खी बाटलीच याहून जास्त होते!

क्रम टक्केवारीने लावू नका, कोरडीकडून गोडीकडे जा: ड्युवेल, ट्रिपेल, गोल्डन प्राइड, शिमे. बेल्जियन एलमध्ये (इथे गोल्डन प्राइड सोडून बाकी तिन्ही) साखर घालतात आणि यीस्ट ती जवळपास सगळी खातं. त्यामुळे अल्कोहोल वाढतं, पण बिअर जिभेला जड लागत नाही. म्हणून ट्रिपेल चौघींत सर्वांत कडक असूनही शेवट कोरडा आणि कडवट. तिच्यात जी ‘गोडी’ वाटते ती बरीचशी केळ्यासारख्या वासाची आणि अल्कोहोलची. गोल्डन प्राइडमध्ये माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, खरा जडपणा आहे: कॅरॅमल, संत्र्याचा मुरंबा. शिमेत मनुका, अंजीर, काळा पाव.

गाळ_खाली
फ्रिजमधून काढून लगेच ओतलीत तर फक्त बुडबुडे कळतील. सगळ्या १० अंशांवर सुरू करा, शेवटचा घोट १४ला घ्या. १६च्या वर अल्कोहोलची वाफ नाकात चढते. पबमध्ये पिंपातून हातपंपाने काढलेल्या बिटरमध्ये वायू फार कमी, ड्युवेलमध्ये भरपूर, म्हणून ती जिभेला टोचते. ग्लास दोनदा फिरवून वायू जाऊ द्या, मग नाशपती आणि मिरीचा वास येईल.

पाइंटवाला
शिमेचे पहिले दोन ग्लास स्वच्छ, पुढचे गढूळ येतात. आणि सोबत काय खावं?

गाळ_खाली
बाटली दर ग्लासानंतर सरळ केली की तळाचं यीस्ट ढवळतं. आदल्या दिवसापासून उभी ठेवा. चार ग्लास एकमेकांना चिकटवून लावा आणि बाटली तिरकीच ठेवून एका दमात ओता. तळाशी गाळापुरती थोडी राहू द्या. गाळ आला की पावासारखी चव वर येते आणि कडवटपणा बोथट होतो, मग तुलना कसली!

माल्टघर
साधा पाव आणि पाणी, बस. तिखट चिवडा अजिबात नको, मिरचीने अल्कोहोलची जळजळ दुप्पट वाटते. आणि आपल्याकडची ‘स्ट्राँग’ मोजपट्टी म्हणून वापरू नका, ती लागर असते, म्हणजे थंडीत आंबवलेली वेगळ्या प्रकारची बिअर.