प्रतिसाद: नळदुर्गच्या वाटेवर बंद पडणारी पद्मिनी

सोलापूरहून नळदुर्गला निघालेली आपली जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार भर दुपारी बंद पडली आणि तासाभराने आपोआप सुरू झाली, यावर वरील बहुतेकांनी बॅटरीकडे बोट दाखवले आहे. मला मात्र तो व्हेपर लॉक वाटतो. या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनालाच बसवलेला असल्याने, उन्हात इंजिन तापले की पंपातील व नळीतील पेट्रोलची वाफ होते आणि कार्ब्युरेटरपर्यंत (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत) इंधन पोहोचतच नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या पाच गाड्यांच्या ताफ्यात नेमके हेच घडले. पंपावर ओले फडके गुंडाळून कडुनिंबाखाली कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपेपर्यंत थांबलो, तेवढ्यात इंजिन निवले. (चटणी आणणाऱ्यालाच त्या दिवशी मेकॅनिकचा मान मिळाला.) आता आम्ही पहाटेच निघतो आणि ऊन चढण्याआधी किल्ल्यातला पाणीमहाल गाठतो.

वरील चर्चेत इंजिन बदललेल्या एका जीपचाही विषय निघाला आहे; तिच्याबद्दल एवढेच सांगतो, की असा बदल आरटीओच्या मंजुरीने नोंदणीपुस्तकात चढवावा लागतो. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांनाच मिळते, त्यामुळे मूळ इंजिन भंगारात देऊ नये.