अलीकडचं कोणतं वर्ष सिनेमासाठी सगळ्यात भारी? आपापले अनुभव सांगा

सिनेमावाल्यांच्या गप्पा कुठूनही निघोत, येऊन थांबतात १९९९ वर. मॅट्रिक्स, फाइट क्लब, मॅग्नोलिया अशी नावं धडाधड पडतात आणि विषय संपतो. त्याहून मुरलेला कोणी असला तर तो १९३९ काढतो, गॉन विथ द विंड आणि विझर्ड ऑफ ऑझ एकाच वर्षातले म्हणून. दोन्ही वर्षांना लांबूनच नमस्कार. या धाग्यावर फक्त २०१४ ते २०२४.

एक विनंती. नुसती नावांची यादी नको, ती कुठेही मिळते. त्या वर्षात पाहणारा म्हणून तुमच्या पदरात काय पडलं, कोणता प्रसंग अजून पाठ सोडत नाही, कोणाशी वाजलं, ते लिहा. वर्ष एकच निवडायचं. ‘दोन्ही आपापल्या जागी चांगली’ म्हणणाऱ्यांना मताधिकार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो: २०१९. ब्रिटनच्या साइट अँड साउंड मासिकानं २०२२ मध्ये समीक्षकांकडून सार्वकालिक १०० चित्रपटांची यादी करून घेतली. तिच्यात जेमतेम तीन वर्षांपूर्वीचे दोन चित्रपट होते, पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर ३० वा आणि पॅरासाइट ९० वा. इतक्या नव्या चित्रपटांना त्या यादीत सहसा कोणी उभं करत नाही. आता येऊ द्या.

शेवटची रांग

२०१९ ला अनुमोदन, पण मासिकाशी मला देणंघेणं नाही. मी सबटायटल्सचा कंटाळा करणारी बाई. बहिणीनं ओढून नेलं म्हणून पॅरासाइटला गेले. पहिला तासभर नुसती हसत होते. मग ती पावसाची रात्र येते, काढून टाकलेली मोलकरीण दारावर उभी, आणि घरात शिरल्यावर ती थेट तळघर गाठते. तिथलं जड कपाट सरकवायला ती भिंतीला पाय लावते आणि अख्खी आडवी होते, जमिनीपासून वर, अधांतरी. दिसायला हे विनोदीच. थिएटरात हशाची लाट उठलीसुद्धा, आणि मधेच तुटली. कपाट सरकलं होतं, मागे आणखी खाली जाणारा जिना होता. भरलेलं थिएटर एका क्षणात हसायचं थांबतं तेव्हा कसं वाटतं ते मला तोवर माहीत नव्हतं. त्यानंतर आपण खालच्या ओळी वाचतोय याचंही भान राहिलं नाही.

त्याच भरात पुढे पोर्ट्रेट पाहिला. त्याला पार्श्वसंगीत नाही. कॅनव्हासवर कोळसा खरखरतो, लाकूड जळतं, समुद्र गर्जतो, एवढंच. इतका वेळ उपाशी ठेवल्यावर शेवटी व्हिवाल्डी सुरू होतं आणि कॅमेरा एका चेहऱ्यावरून हलत नाही. ती बाई रडते की हसते यावरून बहिणीशी माझं अजून जमलेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्रजीबाहेरच्या चित्रपटाला पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, ते पॅरासाइटला. बातमी वाचून घरचंच कुणीतरी पहिलं आल्यासारखी मिरवत होते. माझ्यासाठी वर्षाची कसोटी हीच. त्या वर्षानं माझी एक खोड मोडली.

फक्त मुद्द्याचं

२०१६. सैराट, मूनलाइट, अरायव्हल, टोनी एर्डमान. विषय संपला.

(धागाकर्ता: यादी नको म्हटलं होतं!)

कानानं पाहणारा

माझं पोट ध्वनिसंकलनावर आहे, त्यामुळे मत एकतर्फी असणार. २०२३.

त्या वर्षी सगळीकडे बार्बी आणि ऑपेनहायमर एकाच दिवशी, २१ जुलैला, आले त्याचाच गाजावाजा होता. मीही दोन्ही पाहिले. ऑपेनहायमरमधल्या अणुचाचणीच्या वेळी स्फोट आधी दिसतो आणि आवाज कितीतरी उशिरा येऊन आदळतो, मधे नुसते श्वास. हे भौतिकशास्त्राला धरून आहेच, शिवाय धाडसाचंही आहे. एवढा खर्च करून उभा केलेला स्फोट मुका ठेवायचा! पण त्या चित्रपटाला ७ ऑस्कर मिळाली तरी ध्वनीचं मिळालं नाही. ते गेलं झोन ऑफ इंटरेस्टला, आणि बरोबर गेलं.

हा ऑशविट्झच्या छळछावणीच्या कमांडंटचं कुटुंब दाखवतो. घर, बाग, मुलं, पोहायचा हौद. छावणी भिंतीपलीकडे. भिंतीच्या आत काय चाललंय ते आपल्याला कधीच दाखवत नाहीत, फक्त ऐकवतात: दूरवरचा गोळीबार, ओरडणं, भट्ट्यांची सततची घरघर. सुरुवातीला पडदा बराच वेळ काळाच राहतो. माझ्या शेजारच्यानं प्रोजेक्टर बिघडला समजून मान वळवून मागे पाहिलं. तो काळा पडदा म्हणजे कानांची तयारी आहे: आता डोळ्यांवर फार विसंबू नका. चित्र आणि आवाज असे दोन वेगळे चित्रपट एकाच वेळी चालू असतात. आमच्या धंद्यातली माणसं ‘आवाजानं चित्राला साथ द्यावी’ असं शिकत मोठी होतात. इथं आवाज चित्राच्या विरुद्ध साक्ष देतो.

साक्षीवरून आठवलं. त्याच वर्षी अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ फॉल. नवराबायकोच्या भांडणाचं ध्वनिमुद्रण कोर्टात वाजवतात. भांडण आपल्याला पडद्यावर दिसू लागतं, आणि हातघाईवर येतं त्याच क्षणी दिग्दर्शिका आपल्याला कोर्टात परत आणून बसवते. तिथं आता फक्त आवाज. काच फुटते, कोणीतरी कोणालातरी मारतं. कोण कोणाला? ज्युरीइतकंच आपल्यालाही कळतं. हे दोन्ही चित्रपट त्या वर्षीच्या फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातले. अ‍ॅनॅटॉमीला पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक, झोनला त्याखालोखालचं ग्रां प्री, आणि दोन्हींत मुख्य भूमिकेत एकच अभिनेत्री, झांड्रा ह्युलर. एकाच माणसाचं असं वर्ष दुसरं मला तरी सांगता येणार नाही.

आणि हे सगळं पोहोचलं ते हॉलिवूड बंद असताना. लेखकांचा संप २ मे ते २७ सप्टेंबर, नटांचा जुलै ते नोव्हेंबर. ड्यूनचा दुसरा भाग त्यात २०२४ वर ढकलला गेला. तो असता तर २०२३ नं इतरांना मैदानात उतरूच दिलं नसतं.

फक्त मुद्द्याचं

बरं, यादी नको तर हे घ्या. मूनलाइटमध्ये नायक तीन वयांत तीन वेगळे नट करतात. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शकानं त्यांना एकमेकांना भेटू दिलं नाही, कोणी कोणाची नक्कल करू नये म्हणून. तरी तिसऱ्या भागातला दांडगा, सोन्याचे दात लावलेला माणूस मान खाली घालतो तेव्हा पहिल्या भागातलं पोर दिसतं. मी तो भाग परत मागे नेऊन पाहिला, मान कशी जाते ते बघायला. लोकांना त्या वर्षाचं आठवतं काय, तर ऑस्करच्या मंचावर विजेत्या मूनलाइटऐवजी ला ला लँडचं नाव वाचलं गेलेलं चुकीचं पाकीट. त्यापायी दोन्ही चित्रपटांबद्दल बोलणं राहून जातं. आता खरंच संपलं.

तारीखवार

तुमचं वर्ष म्हणजे नक्की कोणतं वर्ष ते ठरवा आधी. किल्लाला बर्लिनच्या महोत्सवात बालज्युरीचं क्रिस्टल बेअर मिळालं २०१४ मध्ये, चित्रपटगृहात आला जून २०१५ मध्ये. कोर्ट व्हेनिसला गौरवला गेला २०१४ मध्ये, प्रदर्शित एप्रिल २०१५. द डिसायपलला व्हेनिसमध्ये पटकथेचं पारितोषिक २०२० मध्ये, आपण घरी बसून पाहिला २०२१ मध्ये. आता २०१४ चं पारडं जड की २०१५ चं? महोत्सवाची तारीख धरली तर एक उत्तर, तिकीटबारीची धरली तर दुसरं.

ऑस्करवाल्यांनी तर २०२० साठी वर्षच लांबवलं होतं. थिएटरं बंद म्हणून मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत नेली, म्हणजे चौदा महिन्यांचं वर्ष. आणि मॅड मॅक्स फ्यूरी रोडचं मुख्य चित्रीकरण नामिबियात २०१२ मध्ये झालं, प्रदर्शन २०१५. बॉयहूड तर २००२ पासून थोडा थोडा करत बारा वर्षं चित्रित होत होता आणि जमा झाला २०१४ च्या खात्यावर. त्या एका वर्षाचं त्यात काय कर्तृत्व?

मी वैयक्तिक नियम केलाय: सामान्य माणसाला तिकीट काढून किंवा घरबसल्या रीतसर पाहता आला, ते त्याचं वर्ष. या नियमानं माझं मत २०१५. कोर्ट, किल्ला आणि फ्यूरी रोड एकाच वहीत एकाच पानावर आहेत. वही आहे, हो. हसू नका.

हाताची भाषा

इथं कोणी २०२१ म्हणणार नाही, म्हणून मी म्हणते.

मला लहानपणापासून कमी ऐकू येतं. वर ध्वनीवर इतकं सुंदर लिहिलंय की हेवा वाटला, पण त्यातलं निम्मं माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. सिनेमात कर्णबधिर पात्र असलंच तर ते बिचारं तरी असतं नाहीतर खुनाचा मुका साक्षीदार. मग साधारण वर्षभराच्या आत तीन चित्रपट पाहिले. साउंड ऑफ मेटलमध्ये ड्रमवाल्याची श्रवणशक्ती जाते. (तारीखवार, तो २०२० च्या शेवटी आला, पण मी २०२१ मध्ये पाहिला, माझं खातं माझ्याकडे.) त्यात शेवटी कृत्रिम श्रवणयंत्राचा आवाज येतो तो म्हणे फाटका, पत्र्यासारखा आहे. ऐकू येणाऱ्या मैत्रिणीनं कान झाकून घेतले आणि माझ्याकडे बघितलं. वर्षानुवर्षं तिला समजावून थकले होते, त्या पाच मिनिटांत तिला कळलं.

मग कोडा. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, समीक्षकांनी ‘गोड आहे, पण’ म्हटलं. असेल. मुलगी शाळेच्या कार्यक्रमात गाते आणि चित्रपट मधेच पूर्ण नि:शब्द होतो, कारण आता आपण तिच्या कर्णबधिर आईबापाच्या जागी बसलोय. ते आजूबाजूच्यांचे चेहरे वाचून मुलगी कशी गातेय याचा अंदाज घेतात. हे मी आयुष्यभर करत आलेय. पडद्यावर पहिल्यांदा पाहिलं.

आणि ड्राइव्ह माय कार. तीन तासांना एक मिनिट कमी. चेकॉव्हच्या ‘अंकल वान्या’ नाटकातल्या सोन्या या पात्राचं शेवटचं स्वगत त्यात कोरियन खुणांच्या भाषेत आहे. ती नटी खुर्चीत बसलेल्या नायकाच्या मागे उभी राहते आणि दोन्ही हात त्याच्या पुढे आणून बोलते, त्यामुळे तिचे शब्द त्याच्या छातीसमोर उमटतात. तिथं ऐकू येणाऱ्यांनाही खालच्या ओळी वाचाव्या लागल्या. सगळे एका पातळीवर. मला दुसरं वर्ष नको.

शेवटची रांग

हाताची भाषा, यावर मला वाद घालायचा नाही. (मत मात्र बदलत नाही.)

एका मांजराचा बाप

२०२४, फ्लोमुळे. लाटव्हियाचा, पुरात सापडलेल्या मांजराचा अॅनिमेशनपट, अवघा ८५ मिनिटांचा, ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलेला, संवाद एकही नाही. माझ्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्यामुळे परभाषेतला सिनेमा म्हणजे मी कानात भाषांतर करत बसायचं. इथं तोच मला सांगत होता: ‘आता ते घाबरलंय, शेपूट बघ.’ पाणी वाढतं तसं मांजर आणखी वर, आणखी वर चढत जातं, आणि कोणीही येऊन काही समजावून सांगत नाही. बाकी त्या वर्षी ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइटला कानमध्ये ग्रां प्री मिळालं. मुख्य स्पर्धा विभागात भारतीय चित्रपट पुन्हा पोहोचायलाच ३० वर्षं लागली होती. तो मी मुलगा झोपल्यावर पाहिला.

दहावा नंबर

तुम्ही सगळे आपापल्या वर्षाचे पहिले दोन-तीन चित्रपट पुढे करताय. ते कोणत्याही वर्षात सापडतात. २०२० सारख्या भाकड वर्षातही द फादर निघतोच. वर्षाची खरी परीक्षा दहाव्या नंबरवर होते. आपली यादी करा, वरचे नऊ झाका, दहाव्याकडे बघा. तो पुन्हा पाहावासा वाटतो का? मी हे दर वर्षी करतो. बहुतेक वर्षांत सहाव्यापासूनच ‘बरा होता’ सुरू होतं. महान चित्रपट कोणाच्या तरी वेडेपणातून होतो, त्याला वर्ष लागत नाही. पण मधल्या फळीतले, नीट लिहिलेले, मोठ्यांसाठीचे चित्रपट भरपूर यायचे तर पैसे लावणारे, थिएटरं, प्रेक्षक अशी सगळी यंत्रणा त्या वर्षी जागेवर असावी लागते. म्हणून मी २०१९. महासाथीच्या आधीचं शेवटचं पूर्ण वर्ष. माझा दहावा नाइव्हज आउट आहे.

कानानं पाहणारा

नाइव्हज आउट? माझ्या २०२३ च्या दहाव्यावर परफेक्ट डेज आहे. अकराव्यावर गॉडझिला मायनस वन.

दहावा नंबर

परफेक्ट डेज दहावा?? तुमचे वरचे नऊ लिहा आधी.

तारीखवार

आणि प्रत्येकापुढे प्रदर्शनाची तारीख.