बायपासनंतर अण्णा माझ्याकडे आहेत, छातीत 'कट्' वाजतंय आणि त्यांना म्हशींकडे जायचंय. मदत हवी आहे

कळंब्याची_लेक

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची (वय ६१) इथंच कोल्हापुरात बायपास झाली. तीन ग्राफ्ट, म्हणजे अडलेल्या वाहिन्यांना वळसा घालून तीन नवे जोड. एक रक्तवाहिनी छातीतलीच वापरली, बाकीच्यांसाठी डाव्या पायातली शीर काढली. घरी येऊन तिसरा आठवडा संपत आलाय. गाव गारगोटीकडं, तिथं पाठपुराव्याला सारखं ये-जा करणं जमणार नाही म्हणून माझ्याकडे ठेवलंय. भाऊ चाकणला कंपनीत, आई गावी म्हशी सांभाळतेय.

डिस्चार्जच्या वेळी कागद दिला. जड उचलू नका, वाकू नका, कुशीवर झोपू नका, मीठ कमी. म्हणजे काय करायचं नाही ते सगळं लिहिलंय. पण सकाळी सहाला उठणारा माणूस रात्री दहापर्यंत करणार काय, हे कुठंच नाही.

आता मुद्द्याचं. चार दिवसांपासून अण्णा म्हणतात, अंथरुणातून उठताना छातीत मध्येच 'कट्' असं वाजतं. दुखतं का विचारलं तर "तेवढं काय नाही" म्हणतात, पण त्यांचं "काय नाही" मला माहितेय, हार्ट अटॅकच्या दिवशीही तेच म्हणाले होते. ताप नाही. जखम वरून कोरडी दिसते, खालच्या टोकाला थोडी लालसर आहे. डाव्या बाजूची छाती बधिर लागते, शर्ट घासला तरी झिणझिण्या येतात. डावा पाय संध्याकाळी सुजतो.

जेवण जात नाही. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणतात. आणि तरी कांदा-लसूण चटणी मागतात! झोप तुकड्यातुकड्याने. परवा दुपारी टीव्हीवर कुस्ती चालू होती आणि हे रडत बसलेले. मी आयुष्यात त्यांना रडताना बघितलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे लेकीच्या घरी राहायची लाज. "लेकीच्या दारात किती दिवस बसून खाऊ? मला झालंय काय? छातीचं दार उघडून परत लावलंय, एवढंच की." जावई घरात आले की उठून बसतात. रोज आईला फोन, कुठल्या म्हशीनं किती दूध दिलं, वैरण कोण आणतंय. पुढच्या आठवड्यात गावी जाऊन धार काढायला बसणार असं जाहीर केलंय.

आवाजाचं काय करू? आणि धार काढणं खरंच कधी जमेल? पावसामुळं रंकाळ्यावर फिरायलाही नेता येत नाही.

बावडेकर५८

ताई, माझी बायपास होऊन काही वर्षं झाली. आवाजाचं मी बोलत नाही, त्याला आजच्या आज दवाखान्यात फोन करा. बाकीचं सांगतो.

रडू येणं. मला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून मी घाबरलो होतो. जाहिरात बघून रडायचो. बायको म्हणायची, भूल अजून उतरली नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या ऑपरेशननंतर पुष्कळांना असं होतं, चिडचिड पण होते, एखादं नाव पटकन आठवत नाही असं पण होतं. माझं महिन्या-दीड महिन्यात निवळलं. पण अण्णा दिवसभर गप्प बसायला लागले, जेवणच सोडलं, 'जगून काय करायचंय' असली भाषा आली, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं. आपल्याकडं पुरुष माणूस हे स्वतःहून सांगत नाही.

चव येते परत, थोडा धीर धरा. ताटभर वाढूच नका, दर दोन-तीन तासांनी वाटीभर द्या. माझं तर मुगाचं कढण आणि ताकभात एवढ्यावर चाललं होतं. चटणी-खर्डा-पापड-लोणचं यातलं तिखट इतकं नडत नाही, मीठ नडतं. दिवसाचं सगळं मीठ मिळून चहाचा छोटा चमचाभर. लिंबू पिळा, कोथिंबीर घाला, चव लागते. पांढऱ्या रश्शाची आठवण सहा महिने काढायची नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. (पाळलं नाही, पण तो वेगळा विषय.)

भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवा. आमच्याकडं जीप भरून माणसं यायची, त्यात एक शिंकणारा असायचाच.

फिजिओ_मिरजेची

मी हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांबरोबर काम करते. कळंब्याची_लेक, बावडेकर काका बरोबर बोलले, आधी फोन.

छातीचं मधलं हाड उभं कापून नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा कायम आतच राहतात. हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी धरतं, पूर्ण भक्कम व्हायला तीन महिने लागतात. मधल्या काळात 'कट्' आवाज बरगड्यांच्या सांध्यातून येऊ शकतो, आणि हाडाच्या दोन कडा एकमेकींवर हलत असल्या तरीही येऊ शकतो. कुठला आहे ते हात लावून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. घरी दाबून बघू नका. लालसर भाग वाढला, पाणी किंवा पू आला, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, खोकताना छाती 'उघडते' असं वाटलं, तर मग फोन नाही, थेट जायचं. अचानक धाप, छातीत दाब, बेशुद्धी असेल तर १०८.

बधिरपणा आणि झिणझिण्या बहुतेक छातीतली रक्तवाहिनी काढल्यामुळं आहेत, आठवडे-महिने राहतात. मऊ सुती बनियन घाला. पाय बसताना स्टुलावर, खाली लोंबकळत नको. पण एकाच पायाची पोटरी टणक, गरम, दुखरी झाली तर लगेच दाखवायचं. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, डॉक्टरांना कळवायचं.

आता उठण्याचं. तुम्ही लिहिलंय की आवाज अंथरुणातून उठताना येतो. अण्णा नक्की हातांवर जोर देऊन किंवा पलंगाची कड ओढून उठत असणार. आधी गुडघे दुमडायचे, दोन्ही हातांनी छातीवर उशी मिठीत धरायची, मग आख्खं अंग एकदम कुशीला वळवायचं, पाय खाली सोडायचे आणि पायांच्या वजनानं वर यायचं. तुम्ही मदत करताना खाकेत हात घालून ओढू नका, पाठीला आधार द्या. खोकला आला की हीच उशी छातीवर घट्ट धरायची. खोकला दाबू नका, कफ निघाला पाहिजे.

अलीकडे बऱ्याच ठिकाणी रुग्णाला सांगतात की कोपर बरगड्यांना चिकटवून ठेव, मग हाताची बरीचशी कामं सुरक्षित होतात. तांब्या उचलणं, भाजी निवडणं, दाढी, सगळं चालतं. हात लांब करून ओढणं-ढकलणं नको, दोन-तीन किलोच्या वर नको. तुमच्या सर्जननी यापेक्षा कडक सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन रंगीत गोळे असलेलं यंत्र दिलं असेल. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. निम्मे लोक फुंकतात. जागं असताना दर तासाला दहा वेळा, सावकाश. आणि पाऊस आहे तर घरातच चाला, पॅसेजमध्ये. सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, मग हळूहळू वाढवा. चालता चालता बोलता आलं पाहिजे, बोलताना दम लागला की वेग जास्त. फरशी ओली नको.

संडास भारतीय पद्धतीचा आहे का? असेल तर कमोडची खुर्ची भाड्यानं आणा. खाली बसून उठताना माणूस भिंतीला, नळाला धरून ओढतोच.

अस्सल_देशी

ताई घाबरू नका. कोमट तिळाच्या तेलात हळद घालून छातीला रोज चोळा, हाड लवकर सांधतं. आमच्या चुलत्याला त्यानंच गुण आला. दुखत असेल तर मेडिकलमधून डिक्लोची गोळी आणा.

फिजिओ_मिरजेची

@अस्सल_देशी, दोन्ही नको. ताज्या जखमेवर तेल नको आणि न धरलेल्या हाडावर चोळणं तर अजिबात नको. डिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या बायपासनंतर स्वतःच्या मनानं घ्यायच्याच नाहीत, हृदयाला आणि किडनीला धोका असतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच वेदनाशामक गोळी, लिहून दिली तेवढीच. ॲस्पिरिनची रोजची बारीक गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, कुणी कितीही 'पित्त होतं' म्हणालं तरी.

कळंब्याची_लेक

सगळ्यांचे आभार. कालच दुपारी अण्णांना नेऊन आले. सर्जननी छातीवर हात ठेवून खोकायला लावलं, मान-खांदे फिरवायला लावले, एक्स-रे काढला. हाड जागेवर आहे, तारा नीट आहेत, आवाज बरगडीच्या सांध्याचा वाटतो म्हणाले. लालसर जागेवर लावायला मलम दिलंय, चार दिवसांनी परत दाखवायचंय. हिमोग्लोबिन कमी आलं, त्याची गोळी चालू केली. अशक्तपणाचं ते एक कारण असावं. त्या गोळीनं पोट कडक होतं म्हणून रात्री इसबगोल द्यायला सांगितलं, जोर करायचा नाही म्हणून.

उठताना ते खरंच पलंगाची कड ओढत होते. उशीची पद्धत दाखवली तर आधी "बाळंतिणीसारखं काय शिकवतीस" म्हणाले, पण आज सकाळी आपणहून तसं उठले आणि आवाज आला नाही. कमोडची खुर्ची आणली, त्यावरून अर्धा दिवस रुसवा.

सर्जनना धार काढायचं विचारलं. ते हसले आणि म्हणाले, तीन महिने नाव काढायचं नाही, नंतर बघू. अण्णा म्हणाले, डॉक्टर शहरातला, त्याला म्हैस काय माहीत.

कागलचा_पावणा

मला म्हैस माहीत आहे, तेव्हा माझं ऐका म्हणावं अण्णांना. आमचे वडील बायपासवाले, घरी पाच जनावरं.

धार काढणं म्हणजे नुसती बोटं चालवणं नव्हे. उकिडवं बसायचं, बादली गुडघ्यात धरायची, दोन्ही हात पुढं, अर्धा तास. त्यात माशी बसली की म्हशीनं एक लाथ झाडली किंवा मान फिरवून शिंग लावलं तर सरळ छातीवर. धरलेल्या हाडालाही ते झेपायचं नाही, न धरलेल्याची गोष्टच सोडा. भरलेली दहा लिटरची बादली दहा किलोच्या वर जाते. वैरणीचा भारा त्याच्या दुप्पट-तिप्पट. जखम पूर्ण मिटेपर्यंत शेणामुताच्या गोठ्यात बसणंच बरं नाही.

आम्ही काय केलं सांगतो. धार काढायला शेजारच्या पोराला महिन्यावर ठेवला. वडिलांना गोठ्याच्या बाहेर खुर्ची टाकून दिली आणि सगळा हिशेब त्यांच्याकडं दिला. कुठल्या म्हशीनं किती दिलं, फॅट किती लागली, डेअरीच्या पावत्या, दहा दिवसांचं बिल, पेंडीचं पोतं कधी संपणार, रेतनाची तारीख. अण्णा आत्ता फोनवर तेच करतायत ना? मग थांबवू नका त्यांना. वही द्या. आईला सांगा, रोज संध्याकाळी पावतीचा फोटो पाठव. आमच्या वडिलांनी त्या वहीवरून डेअरीतली एक चूक शोधून काढली, त्यानंतर त्यांची तब्येत जी सुधारली ती औषधानं नव्हे.

साडेतीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून एका शांत म्हशीपासून सुरुवात केली. ती पण एकच वेळ. वैरणीचा भारा आजतागायत उचलू देत नाही.

लेकीच्या घराचं म्हणाल तर जावयांना एक काम करायला सांगा. म्हशींतलं काहीतरी विचारायला लावा. खरंखुरं. आमच्या मेव्हण्यानं गोबरगॅसचं विचारलं होतं, मग दोघं रात्री अकरापर्यंत.

कळंब्याची_लेक

@कागलचा_पावणा, दादा, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. "पोरगं कागलचं आहे, बोलतंय बरोबर" एवढंच म्हणाले. आमच्याकडं याला होकार म्हणतात. वही आणायला पाठवलंय. धार काढायला आईनं वाड्यातल्या एका मुलाशी बोलून ठेवलंय, पैसे भाऊ देणार.

आता तोडगा असा निघालाय की सहा आठवडे होईपर्यंत इथं आणि तपासणी चांगली आली तर मग गावी, फक्त खुर्चीत बसायच्या बोलीवर. तेव्हा न्यायचं कसं? एसटीनं चालेल का? रस्ता तास-दीड तासाचा आहे आणि पावसानं खड्डे पडलेत. भाऊ म्हणतो मोटारसायकलवर मागं बसवून सावकाश आणतो, त्याला आधीच शिव्या घातल्यात.

फिजिओ_मिरजेची

मोटारसायकल तीन महिने नाही, चालवायची नाही आणि मागंही बसायचं नाही. एसटीत चढताना दांडी ओढावी लागते आणि उभं राहायची वेळ आली तर संपलं, म्हणून तीही नको. चारचाकी, मागची सीट. पुढं एअरबॅग असते. सीटबेल्ट लावायचाच, पट्टा आणि छाती यांच्यामध्ये घडी घातलेला टॉवेल. खड्ड्यांना उशी मिठीत. निम्म्या वाटेवर गाडी थांबवून पाच मिनिटं पाय मोकळे करायचे. दुपारच्या गोळ्या आणि डिस्चार्जचा कागद हाताशी ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. आणि निघायच्या आधी गावाजवळ ईसीजी काढणारा दवाखाना कुठला ते आईला विचारून ठेवा.

कळंब्याची_लेक

भावाच्या मित्राची चारचाकी मिळतेय. गारगोटीतल्या दवाखान्याचं आज आईला विचारते. तपासणी झाली की इथंच कळवीन.