वनस्पती स्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल : भक्षक पेशी दोघांना सारखेच वागवतात का?

प्रश्न – शेंगतेल_सांगली

नमस्कार. सांगलीजवळ आमचा लाकडी घाणा असून शेंगदाणा, करडई आणि तीळ यांचे तेल आम्ही काढतो. तुमच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ का लिहिलेले नाही, असे ग्राहक वारंवार विचारतात. कोणत्याही वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते, त्यामुळे तसे लिहिण्यात काही विशेष नाही, असे मी त्यांना सांगतो. परंतु माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे आणि तिने मला गोंधळात टाकले. तिचे म्हणणे असे की, तेलात सिटोस्टेरॉल, कँपेस्टेरॉल अशी वनस्पतींची स्टेरॉल असतात आणि त्यांची रचना कोलेस्टेरॉलशी जवळजवळ जुळते. रक्तवाहिनीच्या भिंतीतील मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि तेथे थर साचतो, हे आम्ही वाचले आहे. मग याच पेशी वनस्पतींच्या स्टेरॉललाही तसेच गिळत असतील, तर आमचे तेल निर्धोक कसे म्हणायचे?

प्रतिसाद – कराड_जीवरसायन

आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. कोलेस्टेरॉलमध्ये २७ कार्बन अणू असतात, कँपेस्टेरॉलमध्ये २८ आणि सिटोस्टेरॉलमध्ये २९. चार कड्यांचा सांगाडा तिन्हींचा एकच असून फरक आहे तो शेपटीतील २४ व्या कार्बनवर लटकलेल्या एका छोट्या गटाचा. आतड्याच्या पेशी मात्र एवढ्या फरकावरूनही दोघांना ओळखतात. आहारातील कोलेस्टेरॉलपैकी साधारण निम्मे शोषले जाते, तर सिटोस्टेरॉल ५ टक्क्यांहूनही कमी. दोन्ही स्टेरॉल आत येतात ती एनपीसी१एल१ या एकाच प्रथिनाच्या वाटेने, परंतु एबीसीजी५ आणि एबीसीजी८ ही प्रथिनांची जोडी वनस्पती स्टेरॉलला पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलते आणि जे निसटून यकृतापर्यंत पोहोचते त्याला पित्तावाटे बाहेर काढते. त्यामुळे निरोगी माणसाच्या भक्षक पेशींसमोर हा प्रश्न फारसा येतच नाही.

प्रतिसाद – मिरज_पॅथॉलॉजी

वरील उत्तर योग्य आहे, पण मूळ प्रश्न भक्षक पेशी काय करते हा आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

मोकळे कोलेस्टेरॉल कोणत्याही पेशीला जास्त प्रमाणात सोसत नाही, कारण ते पेशीच्या आवरणांत घुसून त्यांना ताठ करते. भक्षक पेशीने एलडीएलचा, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, कण गिळला की त्यातील कोलेस्टेरॉल लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, सुटे होते. त्यानंतर अ‍ॅकॅट नावाचे विकर (एन्झाइम) त्याला एक मेदाम्ल जोडून एस्टर बनवते, आणि तो एस्टर थेंबांच्या रूपात बाजूला पडून राहतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जशी पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, उतरवून वर्षानुवर्षे जपत असत, तशीच ही साठवण आहे. माल आत गेला की अंगण मोकळे राहते. काचपट्टीवर ही पेशी पाहिली तर ती फिकट आणि फेसाळ दिसते, म्हणून तिला फेनपेशी म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने पट्टी तयार करताना अल्कोहोल आणि झायलिनमध्ये हे मेद विरघळून जाते आणि मागे नुसती पोकळ भोके उरतात. थेंब प्रत्यक्ष पाहायचे असतील तर ऊतक गोठवून त्याचा काप घ्यावा लागतो आणि तो ऑइल रेड ओ या रंगाने रंगवावा लागतो. मग तेच थेंब लालभडक उठून दिसतात.

सिटोस्टेरॉलचे घोडे येथेच अडते. अ‍ॅकॅटला ते नीट हाताळता येत नाही, त्यामुळे त्याचे एस्टर फार कमी बनतात आणि गिळलेला माल पेवात न जाता अंगणातच, म्हणजे मोकळ्या रूपात, पडून राहतो. कोलंबिया विद्यापीठातील इरा टाबास यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले की, सिटोस्टेरॉलयुक्त लिपोप्रोटीन (मेद वाहून नेणारे एलडीएलसारखे कण) दिल्यावर उंदरांच्या भक्षक पेशी त्यांचे अ‍ॅकॅट शाबूत असूनही मरतात. नुसते कोलेस्टेरॉल दिले असता अशा पेशी तग धरतात. त्यांना त्याने मारायचे तर आधी अ‍ॅकॅट बंद पाडावे लागते. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाचे मर्म या एका तुलनेत आहे. आणखी एक गोष्ट अशी की, एबीसीजी५-एबीसीजी८ ही जोडी मुख्यतः आतड्यात आणि यकृतात असते. भक्षक पेशीला एबीसीए१ आणि एबीसीजी१ या दुसऱ्या पंपांवर भागवावे लागते.

प्रतिसाद – वाई_संशोधक

एक दुरुस्ती सुचवतो. सर्व वनस्पती स्टेरॉलना एका माळेत ओवू नये. स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत एक जादा दुहेरी बंध असतो आणि ते पेशीतील एलएक्सआर या ग्राही प्रथिनाला चेतवते, असे पेशींवरील प्रयोगांत आढळले आहे. एलएक्सआर जागा झाला की एबीसीए१ वाढतो आणि पेशी कोलेस्टेरॉल अधिक बाहेर टाकू लागते. म्हणजे एक वनस्पती स्टेरॉल पेशीला अडचणीत आणते, तर दुसरे तिच्या सफाईला मदत करू शकते.

प्रतिसाद – मिरज_पॅथॉलॉजी

दुरुस्ती मान्य. मात्र प्रयोगशाळेच्या ताटलीतील पेशींना जेवढे स्टेरॉल दिले जाते, तेवढे निरोगी माणसाच्या रक्तात कधी पोहोचत नाही, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

मूळ प्रश्नकर्ता – शेंगतेल_सांगली

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मग आतड्यातील ही जोडी ज्यांच्यात मुळातच बिघडलेली असते, त्यांचे काय होते?

प्रतिसाद – मिरज_पॅथॉलॉजी

त्या आजाराला सिटोस्टेरॉलेमिया म्हणतात. १९७४ मध्ये भट्टाचार्य आणि कॉनर यांनी अमेरिकेतील दोन सख्ख्या बहिणींमध्ये तो प्रथम वर्णिला. दोघींच्या स्नायुबंधांवर मेदाच्या गाठी होत्या. तो अत्यंत विरळ असून आई आणि वडील अशा दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच होतो. अशा रुग्णांच्या रक्तवाहिन्यांत लहान वयातच थर साचू शकतात. रक्ताची पट्टी पाहिली तर काही तांबड्या पेशींच्या मध्यभागी ओठ मिटल्यासारखी फट दिसते आणि प्लेटलेट संख्येने कमी पण आकाराने फार मोठ्या असतात. अशा घरात शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि तेल हातचे राखून वापरावे लागते, आणि एनपीसी१एल१ची वाट अडवणारे इझेटिमाइब हे औषध दिले जाते. इतरांनी आपले शेंगतेल नेहमीच्या प्रमाणात खाण्यास या कारणाने काहीच हरकत नाही.

एक गोष्ट प्रयोगशाळेच्या बाजूने सांगणे मला आवश्यक वाटते. आपल्याकडील नेहमीच्या विकर-आधारित तपासणीत वनस्पती स्टेरॉलही कोलेस्टेरॉल म्हणूनच मोजले जातात, त्यामुळे तो अहवाल पाहून दोघांतला भेद कळत नाही. लहान मुलाच्या कोपरावर किंवा टाचेच्या स्नायुबंधावर पिवळसर गाठी असतील, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाने आकडा फारसा हलत नसेल आणि आई-वडिलांचे कोलेस्टेरॉल प्रमाणात असेल, तर डॉक्टरांना गॅस क्रोमॅटोग्राफीने स्टेरॉल वेगवेगळी मोजून घेण्याविषयी अवश्य विचारावे.