शब्दचर्चा: फारसीतला ‘के’ आणि आपला ‘की’

चैतन्य
फारसी शिकतोय. एका वाक्यावर अडलोय: ‘केताबी रा के दीरूज़ खरीदम गुम कर्दम.’ किताब, खरेदी, गुम हे सगळे घरचेच शब्द, तरी अर्थ लागेना. कोशात ‘केताबी’ म्हणजे ‘पुस्तकी’ दिलंय. शिवाय शेवटी दोन क्रियापदं लागोपाठ!

सारंगी
ही विशेषणाची ‘ई’ नव्हे. पुढे ‘के’ (आपला ‘जो’ किंवा ‘की’) येतोय आणि अमुकच पुस्तक म्हणायचंय, याची ती खूण. मोठ्याने म्हणून बघा: ‘पुस्तकी’ या अर्थी जोर शेवटच्या ‘ई’वर पडतो, इथे ‘ता’वर. आता ‘के’पासून ‘खरीदम’पर्यंत कंस घाला. उरतं ‘केताबी रा गुम कर्दम’; ‘रा’ ही कर्माची खूण. म्हणजे, काल घेतलेलं पुस्तक मी हरवलं.
‘पेदरम, के मोअल्लेम अस्त’ यात मात्र ती ‘ई’ येत नाही. वडील एकच, ते शिक्षक आहेत ही जादा माहिती.

चैतन्य
लख्ख कळलं! मग ‘ज़नी के बा ऊ हर्फ़ ज़दम’ (जिच्याशी मी बोललो ती बाई) यात ‘ऊ’ कशाला?

सारंगी
आपला ‘जो’ रूपं बदलतो: ज्याने, जिच्याशी. ‘के’ जागचा हलत नाही. म्हणून ‘तिच्याशी’ हे ‘बा ऊ’ने वेगळं सांगावं लागतं.

दफ्तरी
म्हणूनच ‘असा माणूस, की ज्याचा…’ ही मराठी मला खटकते. हा सरळसरळ फारसी ‘के’. जुन्या पत्रांत ‘विज्ञापना ऐसीजे’ (विनंती अशी की) असायचं, ‘जे’वर काम भागत होतं.

वाटसरू
तीच पत्रं ‘अर्ज’, ‘हुकूम’, ‘रवाना’ यांनी भरलेली असतात, तेही काढणार का? आणि ‘की’ मुळात संस्कृत ‘किम्’वरून आलाय. ‘येतोस की नाही?’

दफ्तरी
तो विकल्पाचा ‘की’, वेगळा. मी ‘तो म्हणाला की’बद्दल बोलतोय.

रत्नागिरीकर
आमची आई अजूनही ‘येतो म्हणून सांगितलंन’ असंच म्हणते. ‘की’वाचून तिचं काही अडत नाही.

वाटसरू
घरात चालेल. लांबलचक विधान आलं की ‘म्हणून’ पार शेवटी जातं, तोवर ऐकणारा ताटकळतो. ‘की’ने ती सोय केली, म्हणून तो रुजला. १९२५ साली फार्शी-मराठी कोश करणारे माधव ज्युलियन पुढे भाषाशुद्धीचे कैवारी झाले, तरी ‘की’ कुठे गेला?

चैतन्य
‘केताबी के खरीदम गुम शोद’ (मी घेतलेलं पुस्तक हरवलं) असंही दिसलं. इथे ‘रा’ का नाही?

दफ्तरी
बरं, ‘की’ ठेवा. पण ‘कारण की’ तरी सोडा! नुसत्या ‘कारण’ने काय कमी पडतं?

रत्नागिरीकर
‘कारण की’ तर आमच्या शाळेत गुरुजीच म्हणायचे.